ज्योतिष्याला न कळलेलं

दस्तगीर शिकलगारांचा पासवर्ड सतराव्यांदा नाकारला गेला, तेव्हा ते खुर्चीवरून उठले, चष्मा खिशात ठेवला आणि जिना चढून तृप्ती हुपरीकरच्या खोलीत आले.

तृप्ती सप्तझरा पाणीपुरवठा मंडळाची सर्व्हर-प्रशासक होती. मंडळ कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावाला आणि आसपासच्या अकरा खेड्यांना पाणी द्यायचं. दोनशे बारा कर्मचारी होते, प्रत्येकाचं सर्व्हरवर खातं होतं, आणि त्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड नियमात बसतो की नाही हे बघणं तृप्तीचं काम होतं. दस्तगीरभाई जलशुद्धीकरण केंद्रातले सगळ्यात जुने ऑपरेटर. वय सत्तावन्न, नोकरी तीस वर्षं. पाण्यात सोडायच्या क्लोरीनची मात्रा हातानं बदलण्याचा अधिकार मंडळात फक्त चार खात्यांना होता. त्यातलं एक त्यांचं.

“मॅडम, नातीचं नाव गेलं,” ते म्हणाले. “आजोळच्या गावाचं गेलं. पहिल्या सायकलचा नंबर घालून वाक्य केलं, तेबी गेलं. ह्या यंत्राला माझी सायकल कुठनं ठाऊक?”

तृप्तीनं सांगितलं की मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांनीच भाषणात त्या सायकलची हकिगत सांगितली होती आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला होता. दस्तगीरभाईंना ते आठवलं. त्यांना जरा बरंही वाटलं असावं, पण पासवर्ड काही मिळाला नाही.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीच्या एका घटनेपासून सुरू झालं होतं. दूरच्या एका राज्यात कुणीतरी पाणीपुरवठ्याच्या सर्व्हरमध्ये घुसलं आणि क्लोरीनची मात्रा वाढवून ठेवली. तीनशे माणसं दवाखान्यात गेली, दोघं दगावली. चौकशीत कळलं की कुलूप फोडलंच नव्हतं. तिथल्या ऑपरेटरचा पासवर्ड एका प्रोग्रामनं ओळखला होता. पूर्वीचे असे प्रोग्राम अक्षरांच्या जुळण्या एकामागून एक करून बघत. हा माणसाचा अभ्यास करायचा. त्या ऑपरेटरचे वीस वर्षांतले निरोप, भरलेले फॉर्म, फोनवरची बोलणी, फोटोंखालच्या ओळी, असं जे जे कधी ना कधी चोरीला जाऊन विकलं गेलं होतं, ते त्यानं वाचलं. मग हा माणूस पासवर्ड म्हणून काय निवडेल, याचे अंदाज तो प्रोग्राम लिहीत बसला. एक्केचाळीस हजारावा अंदाज बरोबर निघाला.

बोटांचे ठसे आणि चेहरे तोवर यंत्रांना हुबेहूब करता येऊ लागले होते. यंत्रानं निवडलेले पाच शब्द पाठ करायला देऊन झाले. सहा महिन्यांत निम्म्या लोकांनी ते पंपाच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवले. शेवटी राज्यभरच्या पाणी मंडळांसाठी नवा नियम आला. प्रत्येकानं स्वतःचं, निदान पाच शब्दांचं वाक्य पासवर्ड म्हणून ठेवायचं, दर नव्वद दिवसांनी बदलायचं, आणि ते तपासणीत टिकलं पाहिजे.

तपासणी म्हणजे तसलाच एक प्रोग्राम, आता राखणदाराच्या बाजूनं बसवलेला. चोराकडे जी माहिती आहे ती राखणदाराकडेही हवी, हा त्यामागचा हिशेब. कागदोपत्री त्याचं नाव ‘पूर्वानुमान तपासणी’ होतं. मंडळात सगळे त्याला ज्योतिषी म्हणत. पासवर्ड टाकला की सर्व्हर त्याचं पीठ करतो आणि फक्त पीठ जपून ठेवतो, असं तृप्ती नव्या माणसांना सांगायची. पिठावरून जोंधळा परत करता येत नाही, म्हणून ते वाक्य तिलाही वाचता यायचं नाही. ज्योतिषी स्वतःचे अंदाज दळत राहायचा आणि एखादं पीठ जुळतंय का बघायचा. नवं वाक्य जुळलं तर तिथंच नाकारलं जायचं. शिवाय रोज दुपारी बारा वाजता, जगात नव्यानं जे काही बाहेर फुटलं असेल त्याच्यासह, तो सगळी खाती पुन्हा तपासायचा. जुळलेलं खातं आपोआप बंद व्हायचं.

आणि एका फॉर्मवर सही द्यावी लागायची: ‘या वाक्यातील गोष्ट माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही. कोणाला कळल्यास मी स्वतः कळवीन.’

“कुणालाच सांगितलं नाही असं काहीतरी आठवा, दस्तगीरभाई,” तृप्ती म्हणाली. “घरी नाही, फोनवर नाही, कुठंच नाही.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

“तसं काय न्हाई आता माझ्याकडं. सांगायचं राहिलेलं बारकंसारकं आधीच्या तीन खेपांना संपलं. रेहानाला मी सगळं सांगतो. रोज जेवताना सांगतो.” रेहाना म्हणजे त्यांची बायको. ती ते सगळं रोज फोनवरून इचलकरंजीच्या बहिणीला सांगायची, हेही त्यांनी सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. मग त्यांनी विचारलं, “आता ह्या वयात लपवायला शिकू काय?”

एक तारखेपर्यंत पासवर्ड झाला नाही तर खातं बंद होईल आणि त्यांना मीटर दुरुस्तीच्या शेडमध्ये जावं लागेल, एवढं तृप्तीनं सांगितलं. आठ दिवस उरले होते.

सहाव्या दिवशी सकाळी दस्तगीरभाईंचं वाक्य टिकलं. किती अंदाज फुकट गेले याचा आकडा इतका मोठा आला की तृप्तीनं तो दोनदा पाहिला. ज्योतिषी जवळपासही पोचला नव्हता. तिनं खाली फोन करून अभिनंदन केलं. दस्तगीरभाई नुसतं “बरं” म्हणाले.

---

नियम लागू होऊन वर्ष झालं होतं. सर्व्हरच्या बाजूनं पाहिलं तर तो उत्तम चालला होता, एकदाही घुसखोरी झाली नव्हती. पण तृप्तीला डब्याच्या वेळी फरक जाणवायचा. पूर्वी तिथं सासवांपासून मूळव्याधीपर्यंत सगळं बोललं जायचं. आता लोक बोलता बोलता मध्येच थांबत. प्रत्येकाला दर तीन महिन्यांनी एक न सांगितलेली गोष्ट लागत होती, आणि ती खर्चून टाकणं परवडत नव्हतं.

हे तिला स्वतःवरूनच कळलं होतं. तिचा नवरा सुहास गावातल्याच शाळेत भूगोल शिकवायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. संध्याकाळी चहा पिताना दिवसभराचं एकमेकांना सांगायचं, ही त्यांची जुनी सवय. पहिल्या तिमाहीला तिनं दहावीत भूगोलाच्या पेपरला कॉपी केल्याचं वाक्य ठेवलं. सुहासला हे कधीच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते सोपं गेलं. दुसऱ्या तिमाहीला जरा शोधावं लागलं. तिसऱ्या तिमाहीत एकदा ती सुहासला काहीतरी सांगायला गेली आणि थांबली. हे राहू दे, पुढच्या वेळी लागेल, असं तिच्या मनात आलं. पुढं तिला त्याची सवयच झाली. सुहासनं एकदा विचारलं की ऑफिसात काही चाललंय का. ती नाही म्हणाली, आणि ते खरंही होतं.

चौथ्या तिमाहीच्या आदल्या आठवड्यात आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत डाव्या बाजूला गाठ लागली. सुपारीएवढी, टणक, दुखत नसलेली.

तिनं त्या गाठीचंच वाक्य केलं. ते पहिल्याच फटक्यात टिकलं.

त्या दिवशी तिला वाटलं की हे फक्त काही दिवसांसाठी आहे. पण दवाखान्यात गेलं की नोंद होणार, नोंद झाली की ती कुठून ना कुठून फुटणार, आणि मग दुपारी बाराला खातं बंद. सुहासला सांगितलं तर तो तासाभरात मिरजेच्या तीन डॉक्टरांना फोन करणार. तिमाही संपेपर्यंत थांबू, असं तिनं ठरवलं. दुसरं एखादं वाक्य शोधून पासवर्ड बदलायला पाच मिनिटं लागली असती, हे तिच्याइतकं मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिनं बदलला नाही. नियमाच्या आड उभं राहिलं की भीतीचं तोंड बघावं लागत नव्हतं. असे सात आठवडे गेले.

---

रेहानाबी एका बुधवारी अकराच्या सुमारास मंडळात आल्या. तृप्ती त्यांना ईदच्या शिरखुर्म्यापुरतीच ओळखत होती. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि सरळ विषयाला हात घातला.

“ह्यांना तुमी काय दिलंय, मॅडम, जे घरात बोलायचं न्हाई?”

तृप्तीनं नियम समजावला. रेहानाबींनी नीट ऐकून घेतलं. नवरा दीड महिन्यापासून जेवताना गप्प असतो, त्या म्हणाल्या. काही विचारलं तर हवापाण्याचं बोलतो. आधी वाटलं तब्येत, मग वाटलं नोकरी गेली, मग नको नको ते वाटलं. तीस वर्षांत या माणसानं ताटातला मिठाचा खडासुद्धा लपवला नव्हता.

“आता मला काय म्हणतात, ऑफिसचं हाय. ऑफिसचं माझ्या घरात कशाला?”

ते वाक्य काय आहे हे मलाही माहीत नाही आणि कळणारही नाही, असं तृप्तीनं सांगितलं. रेहानाबींचा त्यावर विश्वास बसला, पण त्यानं त्यांचं समाधान झालं नाही. जाताना त्या म्हणाल्या की ह्यांनी कुणाचा खून केला असता तर तोही यांनी मला सांगितला असता. मग डोळे पुसून जिना उतरल्या.

दोन दिवसांनी दस्तगीरभाई आले. त्यांनी आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

“खातं बंद करा, मॅडम. मी सांगितलं तिला.”

तृप्तीनं त्यांना बसायला सांगितलं. पासवर्ड तर आता मोडलाच, मग तुम्हालाही सांगतो, असं म्हणून त्यांनी हकिगत सांगितली. २०१९च्या पुरात केंद्राला पाण्यानं वेढलं होतं. दस्तगीरभाई एकटे तीन दिवस गाळणीघराच्या माळ्यावर राहिले, पंप वाचवले, आणि पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी गावाला पाणी मिळालं. त्याबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. फोटो खाली कार्यालयात लावलेला होता.

“पहिल्याच दिवशी होडी आली होती. साहेबांनी निरोप धाडला होता, निघून या म्हणून. मी पायरीपर्यंत गेलो. पाय उचलंना. पाण्याला एवढा भ्यालो की होडीत बसताच आलं न्हाई. होडीवाल्याला म्हटलं, मी ड्यूटी सोडत न्हाई. मग वर जाऊन बसलो. पंप काय, रिकामा होतो म्हणून बघितले.”

वीस वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. कारण तसं काही घडलं होतं हे त्यांनी स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं. पासवर्ड शोधताना सापडलं.

“रेहानाबी काय म्हणाल्या?”

“म्हणाली, मला ठाऊक हाय.” दस्तगीरभाई पहिल्यांदाच हसले. “पुरानंतर मी कधी नदीला उतरलो न्हाई, पुलावर चालताना हात धरतो, हे बघून तिनं तवाच वळखलं होतं. वीस वर्षं बोलली न्हाई. इचलकरंजीलाबी न्हाई.”

तृप्तीनं सर्व्हरवर त्यांच्या खात्याची तपासणी पुन्हा लावली. दोघं पडद्याकडे बघत बसले. दहा मिनिटांनी निकाल आला. ज्योतिष्याला अजूनही ते वाक्य सापडलं नव्हतं. एका माणसाला वीस वर्षं ठाऊक असलेली, आता तोंडानं सांगितलेली गोष्ट त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

“टिकलंय,” ती म्हणाली.

“पण सही दिलीय मी, कुणाला कळलं तर कळवीन म्हणून,” दस्तगीरभाई म्हणाले. “तुमी बंद करा.”

नियमाप्रमाणे तिनं त्यांचं खातं बंद केलं. ते शेडकडे जायला निघाले, तेव्हा त्यांच्या चालण्यात दीड महिन्यापूर्वीचा सैलपणा परत आलेला तिला दिसला.

---

त्या दिवशी तृप्ती अर्धी रजा टाकून सुहासच्या शाळेत गेली. मधली सुट्टी चालू होती. तो नकाशांच्या खोलीत एकटा गुंडाळ्या लावत होता. ती अशी आलेली पाहून त्याच्या हातातली गुंडाळी तशीच राहिली. तिनं आधी खिशातला त्याचा फोन मागून घेतला आणि दोन्ही फोन शेजारच्या रिकाम्या वर्गात ठेवून आली. मग सांगितलं.

“किती दिवस झाले?” त्यानं विचारलं.

“सात आठवडे.”

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो स्टुलावर बसला आणि त्यानं तिला दोनदा तेच विचारलं, किती दिवस. मग म्हणाला, “मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला.”

ती त्यावर रडली. गाठ लागली त्या दिवशीही ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंडळात आली आणि तिनं स्वतःचं खातं बंद केलं. प्रशासकाचं खातं एकदा बंद झालं की फक्त कार्यकारी अभियंत्यालाच, लेखी कारण घेऊन, उघडता यायचं. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: ‘वाक्यातील गोष्ट पतीस सांगितली.’

कार्यकारी अभियंता खानविलकर यांनी तिला लगेच बोलावलं. छप्पन्न वर्षांचे, नेमके, कमी बोलणारे गृहस्थ होते. ज्योतिष्यानं पकडलं नाही, बाहेर कुणाला पत्ता नाही, मग खातं बंद करायची गरज काय, असं त्यांनी विचारलं. क्लोरीनच्या चारपैकी एक माणूस शेडमध्ये, आणि आता सर्व्हरला प्रशासक नाही.

“नियम राबवायचा तुम्ही आणि मोडायचाही तुम्हीच?”

“मोडला नाही, साहेब. राबवला. फॉर्मवर माझी सही आहे.”

मग तिनं त्यांना एक टिपण दिलं. ते तिनं पहाटे उठून, काही फुटू नये म्हणून, हातानं लिहिलं होतं. त्यात तिनं मांडलं होतं की तपासणी मोजते ते गोष्ट तारांमधून किती फुटली हे. ती किती माणसांना माहीत आहे हे तिला मोजता येत नाही, आणि या दोन गोष्टी एक नाहीत. दस्तगीर शिकलगारांच्या खात्याचा निकाल पुरावा म्हणून जोडला होता. ‘माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही’ या अटीमुळे सुरक्षितता वाढल्याचं एकाही नोंदीतून दिसत नाही. कर्मचारी मात्र घरच्यांशी बोलायचे थांबले आहेत, आणि एका कर्मचाऱ्यानं या अटीच्या आड सात आठवडे दवाखान्यात जाणं टाळलं. तो कर्मचारी म्हणजे मी.

खानविलकरांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद उलटा ठेवला. त्यांनी तिला रजा कधीपासून हवी एवढंच विचारलं.

---

टिपण मुंबईला गेलं. शेजारच्या मंडळाचा प्रशासक आठवड्यातून दोन दिवस येऊन काम बघू लागला. मधल्या काळात वळवाचा पाऊस झाला, नदीला गढूळ पाणी आलं, आणि क्लोरीन किती वाढवायचं हे ठरवताना नव्या ऑपरेटरांची धांदल उडाली. त्यांनी शेडमधून दस्तगीरभाईंना बोलावून आणलं. ते पाठीमागे हात बांधून उभे राहिले आणि आकडे सांगत गेले. कीबोर्डला त्यांनी बोट लावलं नाही.

तृप्तीची शस्त्रक्रिया मिरजेत झाली. गाठ कर्करोगाचीच होती, पण पसरली नव्हती. डॉक्टरांनी सात आठवड्यांबद्दल तिला स्पष्ट शब्दांत बोल लावला आणि मग सांगितलं की नशीब चांगलं आहे. सुहास रोज शाळा सुटल्यावर यायचा. ती त्याला एकेक करून मागच्या वर्षातल्या गोष्टी सांगायची. कॉपीचं ऐकून तो इतका हसला की नर्सनं आत डोकावून बघितलं.

सुधारित नियम अडीच महिन्यांनी आला. जुनी अट काढली होती. तिच्या जागी नवा रकाना होता: ही गोष्ट माहीत असलेल्या एका विश्वासू व्यक्तीचं नाव. मेल, फोन, निरोप यांतून ती व्यक्ती काही बोलणार नाही, एवढी हमी खातेदारानं द्यायची. कर्मचारी आजारी पडला तर उपयोगी पडेल, असं परिपत्रकात कारण दिलं होतं. रकाना ऐच्छिक होता.

दस्तगीरभाईंनी पहिल्याच दिवशी तो भरला आणि केंद्रात परतले. खातं पुन्हा उघडून घेऊन तृप्ती कामावर रुजू झाली तेव्हा दोनशे बारा फॉर्म टेबलावर तिची वाट बघत होते. ती एकेक सर्व्हरवर चढवत गेली. पत्नी, पती, भाऊ, आई. एकीनं शेजारणीचं नाव लिहिलं होतं. चौतीस फॉर्मांवर तो रकाना कोरा होता. नियमाच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती. तिनं ते बाजूला काढले आणि नावं वाचली. सगळ्यात वर खानविलकरांचा फॉर्म होता.

दुपारी ती तो घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, एक रकाना राहिलाय.”

“ऐच्छिक आहे ना तो?”

“हो.”

फॉर्म टेबलावर ठेवून ती जायला वळली नाही. त्यांनी सांगण्याची वाट न बघता खुर्ची ओढून बसली. खानविलकरांनी समोरची फाइल थोडा वेळ चाळली, मग मिटली. टेबलावरचा फोन बंद करून त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

“मालतीला जाऊन चार वर्षं झाली,” ते पत्नीविषयी म्हणाले. “दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती मला एक बोलली होती.”

तृप्तीनं स्वतःचाही फोन बंद केला आणि ती ऐकू लागली.